तुटलेला स्टड, त्यात तुटलेली इझी-आउट: एका सिलिंडर हेडची पूर्ण केस

पार्श्वभूमी

गाडी साधी हॅचबॅक, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, १२०० सीसीच्या आसपास, वय दहा वर्षं होत आलेलं आणि सगळं आयुष्य रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या गावात गेलेलं. मालक निवृत्त शिक्षक, त्यांना इथे फक्त सर म्हणतो. गाडीचं मेक-मॉडेल मुद्दाम देत नाहीये, कारण ॲल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा सिलिंडरवरचा भाग) आणि बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) असलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं आणि होतंच.

तक्रार अशी होती की सकाळी स्टार्ट केली की टिक-टिक-टिक आवाज, गाडी गरम झाली की कमी, आणि ॲव्हरेज हळूहळू उतरत गेलेलं. सगळ्यांना वाटलं टॅपेट वाजतंय, दोनदा ऑइल बदलून झालं. पण थंड असताना वाजून गरम झाल्यावर दबणारी टिक-टिक म्हणजे बऱ्याचदा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधली (हेड आणि मॅनिफोल्डमधल्या सीलमधली) गळती असते, धातू फुगला की फट मिटते आणि आवाज जातो. ॲव्हरेजचं कारणही तेच, कारण गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असली की एक्झॉस्टच्या धक्क्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिक्श्चर पातळ आहे आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, बिचारा पेट्रोल वाढवत राहतो.

गावाकडच्या गॅरेजने शेवटी हे बरोबर ओळखलं आणि गॅस्केट बदलायला मॅनिफोल्ड खोलायला घेतला. चार नंबर सिलिंडरच्या टोकाचा एम ८ चा स्टड (हेडमध्ये बसवलेली आठ एमएमची आट्यांची दांडी, जिच्यावर नट आवळून मॅनिफोल्ड धरतात) पाना लावल्यावर पिळून तुटला, हेडच्या फेसला लेव्हल. मग तिथे अंदाजाने ड्रिल मारलं, इझी-आउट (तुटलेला स्टड उलटा फिरवून काढायचं निमुळतं हत्यार) ठोकली, टी-हँडलने ओढली आणि ती पण आत तुटली. उरलेल्या स्टडवर मॅनिफोल्ड परत बसवून, एक्झॉस्ट पेस्ट लावून गाडी परत दिली आणि सरांना सांगितलं की आता हेडच बदलावं लागेल.

गाडी आमच्याकडे आली तेव्हा

सरांचा मुलगा कोल्हापुरात असतो, म्हणून आंबा घाट चढून गाडी आमच्या गॅरेजला आली. पहिलाच प्रश्न, "हेड बदलायचंच आहे का हो? खरं सांगा, मग मी गाडीच विकून टाकतो." त्यांना सांगितलं की सर, मॅनिफोल्ड खोलून आत बघितल्याशिवाय हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही.

एक्झॉस्ट पुढच्या बाजूला होतं हे नशीब. फॅन, रेडिएटर आणि मॅनिफोल्ड काढला की आरसा आणि टॉर्च घेऊन सरळ बघता येत होतं. दिसलं ते असं: स्टड फेसच्या किंचित आत, मध्ये इझी-आउटचं चकचकीत टोक, आणि भोक सेंटरला नाही, साधारण दीड एमएम खाली सरकलेलं. म्हणजे स्टडची वरची बाजू जाड राहिलेली आणि खालच्या बाजूने ड्रिल स्टड सोडून हेडच्या आट्यांमध्ये शिरलेलं. असं का होतं ते लक्षात घ्या, तुटलेल्या स्टडचं तोंड सपाट नसतं, वेडंवाकडं असतं, ड्रिलचं टोक तिथून घसरतं आणि जिथे मऊ लागेल तिकडे जातं. स्टड स्टीलचा, शेजारी ॲल्युमिनियम, मग ड्रिल कुठे जाणार?

चांगली गोष्ट इतकीच की भोक खोल नव्हतं. स्टडच्या भोकापासून पाण्याची जागा फार लांब नसते, आणि ड्रिल तिथपर्यंत गेलं असतं तर कूलंट दिसला असता. तो दिसला नाही, कूलंटची पातळीही कमी झालेली नव्हती.

आधी हे समजून घ्यायला हवं: स्टड तुटला कसा

माझ्या मते या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे आणि गॅरेजमध्ये यावर सगळ्यात कमी बोललं जातं. स्टड दोन प्रकारे तुटतो.

एक, तो चालत्या गाडीत थकून तुटतो. मॅनिफोल्ड तापतो, समजा ५०० डिग्रीने, आणि हेडला कूलंट थंड ठेवतो, ते वाढतं ८० एक डिग्रीने. टोकाच्या दोन स्टडमध्ये ३०० एमएम अंतर धरलं तर बीड दीड एमएमच्या वर फुगतं आणि ॲल्युमिनियमचा फुगायचा दर बिडाच्या दुप्पट असूनही हेड जेमतेम अर्धा एमएम वाढतं. हा एक एमएमच्या आसपासचा फरक प्रत्येक वेळी गाडी गरम-थंड होताना टोकाचे स्टड सोसतात, म्हणून तुटतात ते टोकाचेच. असा तुटलेला स्टड आट्यांमध्ये बऱ्याचदा जाम नसतो, ताण गेलेला असतो, आणि तिथे इझी-आउट खरंच काम करते, कधी कधी तर नुसत्या पंचच्या टोकाने ढकलत फिरवला तरी निघतो.

दुसरा प्रकार म्हणजे खोलताना पिळून तुटतो. याचा अर्थच असा की आटे आतून धरलेत. स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून, त्यात खारं वारं आणि रत्नागिरीचा तीन हजार एमएमच्या वरचा पाऊस, मग ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये पाचर बसल्यासारखी बसते. आता हिशोब करा. एम ८ स्टडचा आट्यांच्या मुळाशी व्यास साडेसहा एमएमच्या आसपास. ज्या जोराने तो पिळून तुटला, तेवढ्या जोरानेही आटे सुटले नाहीत. त्यात आपण घालतो चार एमएमची इझी-आउट. पिळाला टिकायची ताकद व्यासाच्या घनावर जाते, म्हणजे तेच स्टील असतं तर इझी-आउटची ताकद स्टडच्या पाव भागाच्याही खाली. इझी-आउटचं स्टील कडक असतं म्हणून थोडं भरून निघतं पण कडक म्हणजे ठिसूळ, वाकत नाही, कट्कन तुटते. वर ती निमुळती असल्यामुळे जितकी आत ओढाल तितका स्टड बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आटे अजून घट्ट धरतात. म्हणजे जाम होऊन तुटलेल्या स्टडला इझी-आउट लावणं हा हिशोबातच न बसणारा प्रकार आहे, मेकॅनिकचा हात कितीही चांगला असो.

आणि एकदा ती आत तुटली की साधं ड्रिल तिला ओरखडाही काढत नाही.

कुठले मार्ग होते

तसंच चालवणं हा पहिला मार्ग, आणि सरांनी तो स्वतःच विचारला. नको म्हणून सांगितलं, कारण टोकाचा एक स्टड नसला की शेजारच्यावर लोड येतो, तो पण जातो, गळती वाढते, जवळची वायरिंग भाजते, आणि एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड ब्लोअरच्या वाटेने केबिनमध्ये यायची शक्यता असते, त्याला ना रंग ना वास.

दुसरा मार्ग मिगने (वायरवाल्या वेल्डिंग मशीनने) स्टडवर नट वेल्ड करून तो पान्याने फिरवायचा. जाम स्टडसाठी माझा सगळ्यात आवडता. मिगची स्टीलची वायर ॲल्युमिनियमला धरत नाही, फक्त स्टडला धरते, आणि वेल्डची उष्णता थेट स्टडमध्ये जाऊन पांढऱ्या भुकटीची पकड तोडते. पण इथे स्टड पोकळ झालेला, खालची बाजू कागदासारखी, मध्ये इझी-आउट, शिवाय तोंड फेसच्या आत. वेल्ड धरलं तरी पिळताना ती पातळ बाजू फाटणार हे दिसत होतं.

तिसरा, छोट्या डाय ग्राइंडरला कार्बाइडचा बर (कडक घासणारं टोक) लावून इझी-आउट घासत घासत संपवायची. आमच्या गॅरेजमधल्या पोराचं हेच म्हणणं होतं आणि त्याचा हात चांगला आहे. कार्बाइड इझी-आउटला खातं हे खरं, पण हाताने धरलेला बर कडक स्टीलवरून उडाला की मऊ ॲल्युमिनियममध्ये जातो आणि इथे भोक आधीच पाण्याच्या बाजूला सरकलेलं. सेंटरला असतं तर मी त्याला करू दिलं असतं.

चौथा, गॅस वेल्डिंगची ज्योत मारून सगळं गरम करायचं. हे ॲल्युमिनियमच्या हेडवर नको. ॲल्युमिनियम साधारण ६६० डिग्रीला वितळतं, हेडची मिश्रधातू त्याच्याही आधी नरम पडते, आणि लोखंडासारखं लाल होऊन आधी इशारा देत नाही, थेट बसतं. ज्योत तीन हजारच्या वर. शिवाय समोर पेट्रोलचे पाईप.

पाचवा मार्ग स्पार्क इरोजन, आपल्याकडे म्हणतात तसं स्पार्क मारून काढणं. तांब्याचा इलेक्ट्रोड आणि जॉब यांच्यामध्ये तेलात सतत ठिणग्या पडतात, प्रत्येक ठिणगी धातूचा एक कण उडवते, इलेक्ट्रोड जॉबला टेकतच नाही त्यामुळे समोरचं स्टील किती कडक आहे याला काही अर्थ उरत नाही. रशियात लाझारेंको नवरा-बायकोने १९४३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत काही इंजिनिअर ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये तुटलेले टॅप आणि ड्रिल काढायला असंच मशीन बनवत होते. म्हणजे आमच्या समोर जे होतं ते या मशीनचं अगदी जन्मापासूनचं काम. कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीमुळे डाय-मोल्डचं काम करणारे बरेच, त्यामुळे स्पार्क मशीन शोधायला लांब जायचं नव्हतं.

सहावा म्हणजे नवं हेड. सरांना जे सांगितलं गेलं होतं तेच.

मध्येच दुसरा स्टड

मॅनिफोल्ड खोलताना बाकीचे नट काढायच्या आधी सगळ्यांना रात्रभर पेनिट्रेटिंग ऑइल दिलं होतं, आणि नट सरळ न खोलता आधी किंचित आवळून मग सोडवत, पुढे-मागे करत काढले. तरी एक नंबरच्या टोकाचा स्टड तुटलाच, गंजून मध्येच बारीक झालेला होता, नटाच्या खालीच गेला. पण हा तीन-चार एमएम बाहेर राहिला, आणि मुख्य म्हणजे याला आधी कुणी हात लावलेला नव्हता.

याला लगेच नट वेल्ड केला. बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीयूचे कनेक्टर सोडवले, अर्थ क्लॅम्प जवळच मॅनिफोल्डच्या शेजारच्या स्टडला, पेट्रोलचे पाईप ओल्या गोणपाटाने झाकून एक जण फायर एक्स्टिंग्विशर घेऊन उभा. आधी स्टडच्या टोकावर थोडं मटेरियल भरलं, मग त्यावर एम १० चा नट ठेवून आतून भरला. लाली गेल्यावर आट्यांच्या कडेला साधी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, घाई नाही. थोड्या वेळाने अख्खा स्टड बाहेर, आटे शाबूत.

एकाच इंजिनवर, एकाच वयाचे, एकाच गंजाचे दोन स्टड. एक संध्याकाळच्या चहाआधी निघाला आणि दुसऱ्यासाठी पुढे आठवडा गेला. मधला फरक फक्त ते ड्रिल आणि ती इझी-आउट.

निर्णय: हेड उतरवायचं की गाडीवरच

स्पार्कसाठी पोर्टेबल मशीन पण मिळतं, चुंबकाने किंवा क्लॅम्पने बसवून गाडीवरच काम होतं. त्याने हेड उतरवायचा खर्च वाचला असता, हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट, टायमिंग खोलणं, कूलंट, सगळं. मी स्वतः आधी त्याच बाजूने होतो. उद्यमनगरातल्या स्पार्क मशीनवाल्या मिस्त्रींना फोटो दाखवले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "भोक सरकलंय तिकडं खाली पाणी किती लांब हाय?" आणि ते आम्हाला बाहेरून मोजता येत नव्हतं.

तिथेच निर्णय फिरला. स्पार्कने इझी-आउट निघाली असती, पण आट्यांचा खालचा भाग खाल्लेला असल्याने नंतर इन्सर्ट, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवावा लागणार, म्हणजे भोक मोठं करायचं, आणि ते खऱ्या सेंटरवर करायचं. हाताच्या ड्रिलने गाडीवर हे केलं तर ड्रिल परत जुन्या सरकलेल्या भोकाच्या मागे जाणार. मशीनवर पक्कं धरूनच करायला हवं, आणि मग हेड उतरवणं आलंच.

सरांना समोर बसवून दोन्ही खर्च कागदावर लिहून दिले, हेड उतरवून दुरुस्ती आणि नवं हेड. दुरुस्तीचा आकडा नव्या हेडच्या निम्म्याच्याही खाली येत होता. हेही सांगितलं की मिस्त्रींच्या टेबलावर पाण्याच्या बाजूला भिंत पातळ निघाली तर हेड वाया जाईल आणि उतरवायची मजुरी तरी द्यावी लागेल. सर म्हणाले, "एवढं स्पष्ट सांगताय ना, मग करा." हेड खाली आलंच तर फेस चेक करणं आणि व्हॉल्व्ह घासून बसवणंही त्यातच करायचं ठरलं.

स्पार्क मशीनवर

मिस्त्रींनी सगळ्यात जास्त वेळ घातला तो सेटिंगमध्ये. एक्झॉस्टचा फेस वर येईल असं हेड अँगल प्लेटला बांधलं, डायल फिरवून फेस लेव्हल केला, आणि भोकाचं खरं सेंटर तुटलेल्या स्टडकडे बघून न काढता बाकीच्या चांगल्या भोकांवरून आणि मॅनिफोल्डच्या भोकांच्या अंतरावरून काढलं. पाण्याच्या तोंडातून आत कॅलिपर घालून भिंत मोजली, पुरेशी होती. ते ऐकून आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला.

इलेक्ट्रोड ६ एमएमचा तांब्याचा. ठिणगीमुळे भोक इलेक्ट्रोडपेक्षा थोडं मोठं पडतं, म्हणून स्टडच्या मुळाच्या व्यासापेक्षा कमीच घ्यायचा म्हणजे हेडच्या आट्यांना धक्का लागत नाही. दुपारभर मशीन चालू. स्टडच्या तळापर्यंत गेल्यावर आत राहतो तो फक्त स्टडच्या आट्यांचा पातळ पापुद्रा आणि या केसमध्ये खालच्या बाजूला इझी-आउटची एक कड. तो पापुद्रा सुईने कडेने उचकटला की स्प्रिंगसारखा उलगडत बाहेर येतो, बघायला फार सुंदर असतं ते. इझी-आउटची कडही सुटून आली.

वरच्या बाजूचे आटे नव्यासारखे, खालचे पहिले काही पूर्ण गेलेले. नुसता टॅप फिरवून नवा स्टड बसवला असता तर बसला असता, पण हा टोकाचा स्टड, सगळ्यात जास्त ओढाताण यालाच, म्हणून हेलिकॉइल, म्हणजे तोच तारेचा इन्सर्ट. आधी ८ एमएमच्या एन्डमिलने (मिलिंगच्या कटरने) खऱ्या सेंटरवर भोक सरळ केलं, कारण एन्डमिल जुन्या भोकाच्या मागे जात नाही, मग ८.३ चं ड्रिल, हेलिकॉइलचा टॅप, आणि १२ एमएम लांबीचा स्टेनलेसचा इन्सर्ट. त्याची खालची शेंडी तोडून बाहेर काढली. शेवटी हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवून हवेचं प्रेशर देऊन बघितलं, एकही बुडबुडा नाही.

मॅनिफोल्ड

इथे बरेच जण थांबतात, स्टड निघाला की काम झालं म्हणून. पण मॅनिफोल्डवर सरळपट्टी ठेवली तर टोकांना अर्धा एमएमचा फीलर (फट मोजायची पट्टी) सहज आत जात होता. मॅनिफोल्ड धनुष्यासारखा वाकलेला, म्हणजे टोकाचे नट आवळताना स्टड त्याला ओढून सरळ करायचं काम करत होते. हाच मॅनिफोल्ड तसाच बसवला असता तर नवा स्टडही गेला असता, उशिरा का होईना. सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं.

स्टड आणि नट सगळेच्या सगळे नवे, चांगले दिसणारेसुद्धा बदलले. नटाच्या बाजूला अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) अगदी थोडं, मॅनिफोल्ड मधल्या नटांपासून टोकांकडे अशा क्रमाने दोन टप्प्यांत टॉर्क पान्याने आवळला. अँटी-सीझ लावल्यावर आटे घसरट होतात, तोच टॉर्क दिला तर स्टडवर ताण जास्त पडतो, म्हणून मॅन्युअलमधल्या रेंजच्या खालच्या टोकाला राहिलो.

निकाल

पहिल्या थंड स्टार्टला टिक-टिक नाही. स्कॅनरवर गाडी आली तेव्हा लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा) प्लस १५ च्या पुढे होता, सरांनी थोडे दिवस चालवल्यावर तो शून्याच्या आसपास आला आणि ॲव्हरेजही परत जागेवर. पुढचा पावसाळा काढून गाडी चेकिंगला आली तेव्हा मॅनिफोल्डभोवती काळा डाग कुठेच नव्हता, इन्सर्टवाला स्टड जागचा हललेला नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली जागा म्हणजे स्टड तुटला तो क्षण. तुटला की हात थांबवायचा आणि तो थकून तुटला की जाम होऊन, हे ठरवायचं. जाम असेल तर आधी ऑइल, वेळ आणि मग नट वेल्ड. गावात मिग नसेल तर गाडी तशीच पुढे पाठवायची, अजिबात हात न लावता, त्यात कमीपणा काही नाही. एक नंबरचा स्टड तसाच निघाला, चार नंबरचाही निघाला असता असं मला ठामपणे वाटतं.

ड्रिल मारायचंच असेल तर मॅनिफोल्डलाच गाइड करता येतं. मॅनिफोल्ड उरलेल्या स्टडवर बसवायचा, त्याच्या भोकात बाहेरून फिट बसेल आणि आतून सव्वातीन एमएमचं सेंटर भोक असेल असा बुश (धातूची जाड नळी) लेथवाल्याकडून करून घ्यायचा आणि त्यातून ड्रिल मारायचं, सेंटरच्या बाहेर फार जाऊच शकत नाही. अर्ध्या तासाचं लेथचं काम. त्यात उलट्या हाताचं ड्रिल मिळालं तर अजून चांगलं, कापताना ते स्टडला सुटायच्या दिशेनेच फिरवतं आणि बऱ्याचदा ड्रिलिंग चालू असतानाच स्टड बाहेर यायला लागतो.

हेड न उतरवता झालं असतं का, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. गॅरेजमधल्या पोराचं म्हणणं, भिंत पुरेशी निघालीच ना, मग पोर्टेबल स्पार्क आणि बुशमधून हेलिकॉइलचं ड्रिल एवढ्यात भागलं असतं आणि सरांचे पैसे वाचले असते. मिस्त्रींचं म्हणणं, भिंत पुरेशी आहे हे हेड टेबलावर आल्यावरच कळलं. मी मिस्त्रींच्या बाजूला आहे, पण भोक सेंटरला असलेली अशी केस आली तर पोराच्या पद्धतीने करून बघायचं ठरलंय, बुश आधी करून ठेवून.